निवडणूक नव्हे, निवड

मंडळी, आज निवडणुकीवर लिहीत नाहीये. त्यावर वर्षभर लिहितोच, तुम्ही वाचता, शिव्याही घालता. आज निवडीवर लिहितोय, म्हणजे देवाने केलेल्या निवडीवर. ख्रिस्ती लोकांत हा वाद सोळाशे वर्षं चालू आहे. आपल्या नगर जिल्ह्यात इतक्या गावांत चर्च आहे, पण शेजारच्या आळीला या वादाचा पत्ता नाही. पेपरांना ख्रिस्ती माणूस आठवतो तो २५ डिसेंबरला, केकच्या फोटोपुरता. मी स्वतः ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगतो.

वाद असा. तारण देवाच्या कृपेने होतं, हे सगळेच मानतात. पण सगळे काही विश्वास ठेवत नाहीत. मग ज्याने ठेवला, त्याला देवाने आधीच निवडलं होतं का? जग घडण्याआधी नावनिशीवार यादी तयार होती का? पाचव्या शतकात ऑगस्टीनचा कौल ‘हो’कडे पडला. सोळाव्या शतकात जिनिव्हात जॉन कॅल्विनने ते आणखी कडक केलं: काही तारणासाठी नेमलेले, बाकीचे नाशासाठी. १५५१ साली जेरोम बोल्सेक नावाच्या गृहस्थाने तिथेच उठून विरोध केला. अशाने देवच पापाचा कर्ता ठरतो, हा त्याचा मुद्दा. त्याला अटक झाली, मग शहरातून हद्दपार केलं. तडीपारी हा शब्द आपल्यालाही नवा नाही.

सगळा आधार पौलाच्या पत्रांचा. रोमकरांस पत्रातला नववा अध्याय काढून बघा. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडं, आणि जन्माआधीच धाकट्याची निवड. पुढे कुंभार येतो. आपल्याला कुंभार म्हटलं की गोरोबाकाका आठवतात, पण हा कुंभार निराळा. एकाच गोळ्यातून एक भांडं मानाच्या कामाला, दुसरं हलक्या कामाला, आणि मातीने जाब विचारायचा नाही.

हा नुसता पंडितांचा वाद असता तर मी एवढं टाइप केलं नसतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ गेला. दारू, मग कावीळ. चर्चमध्ये जाणं त्याने कधीच सोडलं होतं. मातीनंतर भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने त्याच्या आईची समजूत काढली: तो निवडलेल्यांतला नव्हताच, तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका. माणूस वाईट नव्हता, त्याला धीरच द्यायचा होता. मावशी मला म्हणाल्या, “तू पेपरात लिहितोस ना रे? मग सांग, त्याचं नाव आधीच गाळलं होतं, तर माझ्या पोटी कशाला घातला?”

तिथून मी वाचायला लागलो. वाचता वाचता पोचलो थेट हॉलंडात, आणि तिथे सापडलं ते आपल्या ओळखीचं राजकारण. लायडनचा प्राध्यापक याकोबुस आर्मिनियस म्हणत होता, कोण विश्वास ठेवील हे देवाने आधी ओळखलं आणि त्यांना निवडलं. कृपा नाकारायची मोकळीक माणसाला आहे. तो १६०९ साली वारला. पुढच्या वर्षी त्याच्या लोकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्याच सुमाराला स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला होता. तह घडवणारा मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट निवेदनवाल्यांना सांभाळून घेणारा, तर तह न आवडलेला सेनापती मॉरिस कडव्यांच्या बाजूला जाऊन बसला. मॉरिसला पूर्वनियोजनातलं ओ की ठो कळत नव्हतं, असे किस्से आहेत. मला ते सहज पटतात. धर्मातलं काही न कळता धर्माच्या बाजूने उभे राहणारे पुढारी आपण काय कमी पाहिलेत?

१६१८-१९ मध्ये डॉर्ट शहरात महासभा भरली. निवेदनवाल्यांना तिथे सभासद म्हणून नाही, आरोपी म्हणून उभं केलं. सभेचं सूप वाजत होतं त्याच मे महिन्यात, हेगमध्ये ७१ वर्षांच्या ओल्डनबार्नेवेल्टचा शिरच्छेद झाला. सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली. त्याचा साथीदार ह्यूगो ग्रोटियस, मोठा कायदेपंडित, जन्मठेपेत पडला आणि १६२१ साली पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून पळाला. युक्ती बायकोची होती.

पण त्याच डॉर्टच्या ठरावांत एक कलम आहे, ते मला अनपेक्षित होतं. श्रद्धावान आईबापांचं मूल तान्हेपणी गेलं, तर त्याच्या निवडीबद्दल त्यांनी शंका धरू नये. म्हणजे इतक्या कडक मंडळींच्या डोळ्यांपुढेही कुठेतरी एक आई होतीच. आणि यादी देवाकडे असेल तर ती माणसाला दिसत नाही, हे कॅल्विनवालेही मानतात. मग अमका यादीत नव्हता हे त्या नातेवाइकाला कुणी सांगितलं?

दुसरं वाचन वेगळं आहे. त्यात म्हणतात, पौल सुट्या माणसांच्या निवडीबद्दल बोलतच नाही. देवाने निवडला तो ख्रिस्त, आणि त्याच्यासोबत त्याची मंडळी. दिंडीसारखं धरा. एकादशीला पंढरपूर गाठणार हे दिंडीचं ठरलेलं. आज कोण सामील होतो, कोण मधेच घरी फिरतो, हे ठरलेलं नाही. याकोब-एसावही मग दोन मुलं उरत नाहीत, दोन लोकसमूह होतात. यावर समोरचे म्हणतात, माणसं वगळली तर मंडळीत उरतं काय? रिकामी पाटी? आक्षेप चुकीचा नाही. तरी मला स्वतःला दिंडीचं वाचन जवळचं वाटतं. मावशींना ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे जागा होती त्याला. आणि तो आला नाही.” त्यांचं ओझं हलकं झालं की वाढलं, मला कळलं नाही.

इथे आपली मराठी कामाला येते. देवाने ‘आम्हांला’ निवडलं की ‘आपल्याला’? ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द. मराठी भाषांतरकाराला मात्र ठरवावंच लागतं, की ऐकणारा आत की बाहेर. इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल ‘आम्ही’वरून ‘तुम्हीसुद्धा’वर येतो आणि दारातल्या परक्यांना आत घेतो.

दक्षिण आफ्रिकेत उलट झालं. तिथल्या गोऱ्यांनी समूहाची निवड घेतली आणि त्यावर ‘आम्ही’चं कुलूप लावलं. १८५७ साली केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने काळ्या सभासदांची उपासना वेगळी भरवायला मुभा दिली. कारण काय, तर काहींचा दुबळेपणा. दुबळेपणा गोऱ्यांचा, हे विशेष. पुढे त्याच समजुतीने वर्णभेदाला धर्माचा आधार पुरवला. १९८२ साली ओटावात रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने त्या समर्थनाला पाखंड ठरवलं आणि दोन गोऱ्या चर्चांचं सभासदत्व स्थगित केलं. एका माणसाची यादी निदान एका घराला रडवते. या यादीने अख्खा देश वेठीला धरला.

आपल्याकडे दोन्ही धारा आहेत. १८३१ साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन कॅल्विनच्या कुळातलं. मुक्तिफौजेचा विल्यम बूथ मेथडिस्टांतून आलेला, म्हणजे आर्मिनियसच्या बाजूचा. आज एकाच आळीत दोन्हींकडची लग्नं लागतात, सोयरीक जुळवताना ही चौकशी कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुमच्या मंडळीत रोमकरांसचा नववा अध्याय कधी वाचला गेला का, आणि पाळकांनी तो कसा सांगितला, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी जरूर लिहा. फोन केलात तरी चालेल, संध्याकाळी सातनंतर.