कंदिलाची काच

पाथर्डी तालुक्यातील एका खेड्यात आजोबांचे जुने घर आहे. त्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली, म्हणजे ती ट्रंक एकदा तरी खाली उतरावयाची, असा नेमच होऊन बसला आहे. तीत दागिने नाहीत, की जमिनीचे कागद नाहीत. आहेत ती जुनी मासिके. गावच्या गुरुजींची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी ती आजोबांच्या स्वाधीन केली होती.

आजोबांना त्यांतील गोष्टींपेक्षा जाहिरातीच अधिक प्रिय! साबण, शाई, केसांचे तेल, डोकेदुखीवरचा मलम. प्रत्येकाचे हाताने काढलेले चित्र, वळणदार अक्षरे, आणि खाली बारीक टाइपात ‘टपालखर्च निराळा’ ही सूचना. लोखंडी नांगराचे चित्र आले, की आजोबा हटकून थांबतात. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी असा नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपावयास फार वेळ लागला! “जाहिरातीला तेव्हा नुसता माल विकावयाचा नसे, बाळ, लोकांच्या मनातली भीतीही घालवावी लागे,” असे आजोबा सांगतात.

यंदा नातीचे लक्ष चित्रांवरून किमतींकडे गेले. रुपये, आणे, पै! तिला हिशेब उमगेना. तेव्हा आजोबांनी कनवटीची जुनी नाणी जमिनीवर मांडली. तीन पैचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. कंगोऱ्यांच्या काठाचा तो आणा, चौकोनी ती चवली, आणि मधोमध भोक पाडलेला तो तांब्याचा पैसा. 1957 सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सहा नवे पैसे धरीत. मात्र चार आण्यांचे पंचवीस होत. मग चार वेळा एकेका आण्याची वस्तू घेणाऱ्याचे चोवीसच पैसे जात! त्या एका पैशावरून बाजारात कितीतरी हुज्जत चाले. पुढे 1958 सालच्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम येऊ लागला, आणि ऐंशी तोळ्यांचा शेर हळूहळू तागडीतून उतरला.

“आण्यात वस्तू मिळत होत्या! किती स्वस्ताई होती हो आजोबा! तुमची तर चंगळच असेल!” नात म्हणाली.

आजोबा हसले. पुढचे पान उलटताच मात्र त्यांचे हसू मावळले. त्या पानावर कंदिलाची जाहिरात होती. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील! त्यांच्याही घरात एकच कंदील होता. संध्याकाळी राख आणि मऊ फडके घेऊन त्याची काच पुसणे, हे लहानपणी त्यांचे काम असे. एके दिवशी खेळावयास जाण्याच्या घाईत काच हातातून निसटली आणि तिचे तुकडे तुकडे झाले.

आई शेतावरून परतली. ती रागावली नाही. तुकडे वेचून तिने कोपऱ्यात ठेवले आणि चिमणी पेटविली. दुसऱ्या दिवशी तिला घरी राहून जुने लुगडे शिवावयाचे होते. परंतु ती पहाटेच दुसऱ्याच्या बाजरीत खुरपणीस गेली. आठवड्याच्या बाजारात नवी काच आली. आईने पाऊस संपेपर्यंत तेच फाटके लुगडे नेसले.

“काच केवढ्याला पडली होती?” नातीने हळूच विचारले.

“किती आणे, ते आता आठवत नाही, पोरी. आईचा एक दिवस गेला, ते मात्र आठवते.”

नात बराच वेळ गप्प राहिली. मग तिने ती जाहिरात पुन्हा वाचली. किमतीचा आकडा तोच होता. पण आता तो तिला लहान वाटेना.

“मग हे दिवस तुम्हाला आवडतात कसे?”

“त्या उजेडात आई शेजारी बसलेली असे,” आजोबा म्हणाले, “म्हणून.”

2011 सालच्या जूनअखेर पंचवीस पैशांचे आणि त्याहून लहान असे सर्व नाणे चलनातून बाद झाले. त्याआधीच आणा आणि पै केव्हाच गेले होते. तरी खऱ्या गोष्टीला लोक अजून सोळा आणे खरी म्हणतात, आणि काटकसरीने संसार करणारी बाई पै-पै जोडते.

आजोबांनी मासिके नीट रचून ट्रंक बंद केली. भोकाचा पैसा तेवढा त्यांनी नातीच्या तळहातावर ठेवला. त्याने आता बाजारात काहीही मिळत नाही. तरीही तिने तो रुमालाच्या टोकाला घट्ट बांधून घेतला. संध्याकाळी कोणी न सांगताच ती देव्हाऱ्यातील समई पुसावयास बसली. आणि पुसताना ती हातातून पडू नये, म्हणून तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.