दुखरी दाढ घेऊन दिल्लीला

लेकीचे बाळंतपण दिल्लीला व्हायचे होते. जावयांच्या नोकरीमुळे तिला बेळगावला आणणे जमत नव्हते, म्हणून मीच जायचे ठरले. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा भरला, कुंद्याचा डबाही बांधला. एक काम तेवढे राहिले. माझी वरची दाढ किडली होती. "प्रवासाआधी रूट कॅनाल करून घ्या," असे दंतवैद्यांनी बजावले होते. आता कुठे दुखतेय, आल्यावर बघू, म्हणून मीच ते पुढे ढकलले.

सांबऱ्याहून विमान वर चढले आणि दाढेत बारीक कळ आली. बेंगळुरूला उतरल्यावर ती थांबली. दिल्लीच्या विमानाला अजून तीन तास होते, औषधाचे दुकानही समोर होते. पण मी निवांत कॉफी पीत बसले!

दुसरे विमान उंच गेले आणि दाढेत कुणी सुई टोचावी तसे झाले. ठणका कानापर्यंत पोचला. डोळ्यांत पाणी आले. शेजारी धारवाडकडच्या एक बाई होत्या. "अक्का, हल्लु नोवेन्री?" त्यांनी विचारले. मी नुसती मान हलवली. त्यांनी पर्समधून पुडी काढली. "लवंग ऐति, तगोरी." लवंग दाढेजवळ धरली तेव्हा थोडे बधिर वाटले. चहा आणि गोड खाऊ नका, असेही त्यांनी सांगितले. तरीही पुढचे अडीच तास मी कसे काढले ते माझे मला ठाऊक.

घरी पोचले तर गाल सुजलेला. जिला पेज करून घालायला गेले, त्या नऊ महिने भरलेल्या लेकीनेच मला पेज करून वाढली. दाढेपेक्षा तेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी दाढ उघडून उपचार सुरू केले आणि कारणही समजावले. विमान कितीही उंच उडाले तरी आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपली उटी सुमारे 7,350 फुटांवर आहे. म्हणजे बेळगावहून निघालेला माणूस अर्ध्या तासात उटीला पोचतो! समुद्रसपाटीला एक लिटर जागा व्यापणारी हवा आठ हजार फुटांवर सव्वा लिटरहून जास्त होते. चिवड्याचे बंद पाकीट विमानात टम्म फुगते ते यामुळेच. किडलेल्या दाढेत किंवा सैल झालेल्या जुन्या सिमेंटखाली अडकलेली हवाही तशीच फुगते, पण तिला जायला वाट नसते. आतली नस आधीच सुजलेली असेल तर मग बघायलाच नको.

या दुखण्याला बॅरोडॉन्टाल्जिया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना हा त्रास होई. आपल्या सांबऱ्याची धावपट्टी 1942 सालची, त्याच युद्धातली. विमान उतरताना वरच्या दाढा दुखल्या तर कधी कधी दोष दातांचा नसतो, सर्दीने चोंदलेल्या सायनसचा असतो, हेही डॉक्टरांनी सांगितले.

म्हणून सांगते, तिकीट काढल्यावर आठ-पंधरा दिवस आधी दात दाखवून घ्या. दात काढला, सिमेंट भरले किंवा रूट कॅनाल झाले असेल, तर किती दिवसांनी विमानात बसायचे ते डॉक्टरांनाच विचारा. आपल्याला चालणारी वेदनाशामक गोळी सामानात न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवा. रक्तदाबाची, रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर ती गोळी आधी विचारूनच घ्या. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर धरू नका, हिरडी भाजते. लवंगतेलही थेंबभरच, तेही कापसावर घेऊन. विमानात फार गरम, फार गार, गोड टाळा आणि दुसऱ्या बाजूने चावा. गाल सुजला असेल, ताप असेल तर प्रवास पुढे ढकला. आणि दुखणे थांबले म्हणून गप्प बसू नका. विमान दाढ बिघडवत नाही, बिघडलेली दाढ दाखवून देते. बेंगळुरूला थांबलेल्या कळेने मला हेच सांगितले होते. मी ऐकले नाही.

पाचव्या दिवशी नात झाली. तोवर सूज उतरली होती आणि पेज पुन्हा माझ्या हातची शिजू लागली होती. उरलेले उपचार तिथेच पुरे केले. दोन महिन्यांनी परतताना विमान सांबऱ्यावर उतरले, तेव्हा दाढेची आठवणही झाली नाही. डोळ्यांत पाणी होते, ते नातीला सोडून आल्याचे.