मांजराची मुदत ठेव

आपल्याकडे 'मांजर पाळले' असे म्हणायची पद्धत आहे. मांजराला विचाराल तर ते सांगेल, की एक बरे कुटुंब सापडले होते, ते मी पाळले. पण हा मामला घरच्या मांजराचा. माणूस म्हणजे फेकून मारलेली चप्पल, एवढीच ज्याला माणसाची माहिती, असे भटक्या मांजरीचे पिल्लू माणसाळवायचे आणि माणसाळले की दुसऱ्याला देऊन टाकायचे, हा उद्योग निराळा. बी.कॉम.च्या तीन वर्षांत हे शिकवत नाहीत. बँकेच्या नोकरीत मात्र थोडेफार शिकायला मिळते.

आमचे कोल्हार प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर. गावात भगवतीमातेचे देऊळ आहे, बाजारपेठ आहे आणि हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आहे. म्हणजे मांजराच्या पिल्लाला जगायला पुष्कळ उंदीर आणि मरायला पुष्कळ चाके. आमच्या शाखेमागे एक अडगळीची खोली आहे. संगणक आल्यावर जाडजूड खतावण्या तिथेच निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात त्या खतावण्यांच्या आडोशाला एका मांजरीने चार पिल्ले घातली. साहेबांनी फर्मान काढले, "महिनाअखेर खोली रिकामी पाहिजे. ऑडिट आहे." शिपाईमामा लगेच म्हणाले, "पोत्यात घालून नदीपलीकडं सोडतो की! कितीसं काम हाये?"

नदीपलीकडे सोडलेल्या पिल्लाचे पुढे काय होते, ते नदी सांगत नाही. मी म्हणालो, "थांबा मामा, मी नेतो." घरी बातमी सांगताच सौ. म्हणाली, "आधीची दोन अजून माणसाळली नाहीत!" मुले शेजारीच बसली होती.

या कामात सर्वांत महत्त्वाची असते ती मुदत. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श या संशोधिकेने मांजरांवर प्रयोग केले. निष्कर्ष असा, की साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसाचा हात लागला, तर त्याचा माणसावर जन्माचा विश्वास बसतो. त्यानंतर खिडकी बंद होते. खिडकी बंद होणे म्हणजे काय, हे बँकेच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायला नको. पुढेही अगदीच अशक्य नसते; पण मग ते काम थकलेल्या कर्जाच्या वसुलीसारखे, चपला झिजतात आणि हाती फार लागत नाही.

आमची पिल्ले पाचेक आठवड्यांची होती. आईने आणलेला उंदीर चघळू लागली होती, म्हणजे आईच्या दुधावाचून जगतील इतपत मोठी. हाती उरले दोन-तीन आठवडे. नावे ठेवली ती धंद्यातलीच. गुबगुबीत होती ती बचत, लबाड होता तो चालू, एका जागी स्वस्थ बसणारी ती मुदत, आणि खतावणीमागून बाहेरच न येणारी ती थकबाकी.

मुक्काम न्हाणीघरात. मोठ्या घरात पिल्लू कपाटामागे जाते आणि तिथेच वयात येते, म्हणून जागा लहान हवी. सासूबाईंनी वाटीभर गाईचे दूध पुढे केले. गुरांच्या डॉक्टरांनी ते परत पाठवले. मांजराला दूध आवडते हे खरे. पण बहुतेकांना गाईचे दूध पचत नाही, आणि न्हाणीघर कोण धुणार हा प्रश्न उरतो. त्यांनी उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे सांगितले. आमचे घर शाकाहारी. सौ.ने एक जुने पातेले अंगणात काढले आणि ते आता 'बँकेचे पातेले' म्हणून ओळखले जाते.

खाणे ठेवून निघून जायचे नाही, तिथेच बसायचे. पहिले दोन दिवस मी बादलीशेजारी बसलो आणि चौघांनी मिळून माझ्यावर फिसकारून घेतले. शाखेत पेन्शनच्या दिवशी याहून निराळे होत नाही. मग लांब दांड्याच्या पळीने भरवायचे, पळीनंतर बोटाने. टक लावून बघायचे नाही. मांजराच्या लेखी ती भांडणाची नोटीस. डोळे हळूच मिटायचे आणि उघडायचे. हा सराव मला दुपारच्या जेवणानंतर काउंटरवर आधीपासूनच होता. चौथ्या दिवशी बचत बोट चाटू लागली. सहाव्या दिवशी पंचात गुंडाळलेला चालू मांडीवर घुरघुरला. एवढ्याशा छातीत केवढी मोटार! सौ. दाराआडून बघत होती. म्हणाली, "सरका जरा, मलाही बसू द्या."

मुलांनाही बसवले, शेजाऱ्यांनाही बोलावले. एकाच माणसावर विश्वास ठेवणारे पिल्लू दुसऱ्या घरी टिकत नाही.

गावात माझी कीर्ती पसरली. एक शेतकरी खातेदार पासबुक पुढे करत म्हणाला, "सायेब, उसात तीन पिल्लं घावलीत. लई गोंडस. अंगावर ठिपके हायेत. आणून देऊ का?" ठिपके म्हटल्यावर माझ्या हातचा शिक्का निसटला. आपल्या जिल्ह्यात उसात बिबट्या वितो, रानमांजर वितो आणि वाघाटीही वितो. मी म्हणालो, "हात लावू नका, तोड थांबवा, वनखात्याला १९२६ ला फोन करा." अशी पिल्ले सापडल्या जागीच ठेवतात, आणि अंधार पडला की बहुतेक वेळा आई येऊन एकेकाला उचलून नेते. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या लोकांनी वनखात्याबरोबर अशा कितीतरी भेटी घडवल्या आहेत. उकिरड्यावरचे पिल्लू माणसाळले तर त्याला घर मिळते. उसातले माणसाळले तर त्याचे आहे ते घर जाते.

आठवा आठवडा उलटला आणि स्थळे बघायला सुरुवात झाली. कर्ज देताना मी जेवढे विचारत नाही तेवढे इथे विचारले. घर रस्त्यापासून किती लांब? कुत्रा आहे का? गावाला गेलात तर कोण बघणार? चालू एका धान्याच्या दुकानात गेला. मालक हिशेबी, म्हणाले, "उंदरांसाठी पाहिजे." आता तो गल्ल्यावर झोपतो आणि उंदीर मालक बघतात. बचत आणि मुदत जोडीने एका निवृत्त शिक्षिकेकडे गेल्या. त्या संध्याकाळी रिकामे न्हाणीघर धुताना सौ. बराच वेळ पाणी ओतत राहिली.

थकबाकीने शेवटपर्यंत दाद दिली नाही. तिला आईपाशी, शाखेमागच्या आवारात सोडले. आईचे ऑपरेशन करून घेतले, पुढे वयात यायच्या आत तिचेही. नाहीतर मांजर वर्षात दोन-तीनदा विते आणि मामांचे पोते तयारच असते. दोघींच्या कानाचे टोक छाटले आहे. काम झाले आहे ही त्याची खूण. मामाच आता त्यांना खाणे ठेवतात. थकबाकी ते लांबून बघते आणि मामा वळले की खाते. काही खाती अशीच चालवायची असतात.

लोक विचारतात, एवढा जीव लावून देऊन टाकवते कसे? अहो, मी रोज लाखांनी नोटा मोजतो, नीट गड्ड्या बांधतो आणि खिडकीतून ज्याच्या त्याच्या हाती देतो. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येतो. सवय आहे.

परवा शिक्षिकाबाईंकडे गेलो होतो. बचत त्यांच्या मांडीवर होती. बँकेबाहेर भेटल्यावर गिऱ्हाईक जसे कारकुनाकडे बघते, तसे तिने माझ्याकडे बघितले. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते. मग डोळे हळूच मिटले, उघडले आणि बाईंच्या पदरात तोंड खुपसले.