न उगवलेले

मास्तरकीतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हटकून दोन प्रश्न विचारतात: निबंध किती छापले आणि विद्यार्थी किती घडवले? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. माझ्या नावावर १९ शोधनिबंध आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी बगल देते. ३२ वर्षे विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, म्हणजे जन्मभर मोजण्याचाच उद्योग केला; आणि मोजणीवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

माझे काम शेतातल्या मातीवर. ग्रॅमभर माती पाण्यात कालवायची, ती हजारपट, लाखपट पातळ करायची, तिचा थेंब अगारच्या प्लेटवर पसरायचा आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दोन दिवसांनी ठिपके उमटतात. ते मोजले की मातीतले जंतू मोजले, असे आपण समजतो. पण तीच माती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी, तर शंभर जंतूंमागे जेमतेम एखादा प्लेटवर आलेला असतो! १९८५ साली स्टेली आणि कोनोप्का या शास्त्रज्ञांनी या तफावतीला नाव दिले. कोडे त्याहून जुने. न उगवलेले सगळेच काही मेलेले नसतात. कुणाला आपले अन्न फार सकस होते, कुणाला शेजार लागतो, कुणाला नुसता वेळ हवा असतो. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू वाढवून दाखवला तो साकळलेल्या रक्तद्रवावर, आठवड्याहून अधिक वाट पाहून. एखाद्या उतावळ्याने त्या नळ्या तिसऱ्या दिवशीच धुऊन टाकल्या असत्या.

आमची परीक्षाही एक प्लेटच. तीन तासांची आणि इंग्रजीतली.

सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून एक मुलगी आली होती. हात इतका हलका, की तिने ओढलेल्या रेघेने अगारवर कधी ओरखडा उठला नाही. पहिल्या पावसाचा मृद्‌गंध मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंमुळे येतो, हे पुस्तकात वाचण्याआधीच ती वासावरून ते जंतू ओळखू लागली. लेखी परीक्षेत दोनदा नापास झाली आणि गावी परतली.

पुढच्या जूनमध्ये एसटीने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिची पिशवी आली. आत बांधावरची आणि उसातली माती वेगवेगळी बांधलेली, सोबत चिठ्ठी: ‘बाई, उसातल्या मातीला यंदा वास नाही. बांधावरच्या मातीला आहे. असे का?’ त्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात माझी चार वर्षे गेली. १९ निबंधांपैकी ज्याला मी चांगला म्हणेन, तो त्यातूनच निघाला. निबंधावर माझ्या नावाशेजारी तिचे नाव आहे. पदवीधरांच्या यादीत नाही.

खोलीची किल्ली सोपवताना नव्या अध्यापकाला मी एवढेच सांगितले, “मोजून झाल्या तरी प्लेटा लगेच ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. दोन-चार आठवडे राहू द्या.”