अंजिराच्या आठ काड्या

दादरच्या पुलावर एका गृहस्थांनी माझ्या काखेतले ओले बोचके पाहून विचारले, "काय, मासळी का?"

मी म्हणालो, "नाही, अंजीर." पण बोचक्यात अंजीर नव्हतेच, होत्या आठ काड्या!

त्याचे असे झाले. आमचे मूळ घर सासवडचे. परड्यात आईने लावलेला अंजीर होता. तीन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, जागा विकली गेली आणि झाड पडणार हे ठरले. त्या भाऊबीजेला ताई ओवाळताना म्हणाली, "तबकात काही घालू नकोस. झाड पडण्याआधी त्याच्या काड्या तेवढ्या मला आणून दे." ताईचे सासर वाणगावचे.

बी का नाही, असे वाचक विचारतील. आपल्याकडच्या अंजिराची फळे परागाशिवायच धरतात. आतल्या बिया पोकळ. झाड राखायचे तर फांदीच रोवली पाहिजे. माणसाला हे फार पूर्वीच उमगले असावे. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल येथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अशीच अंजिरे सापडली. तेव्हाही लोक फांद्या लावीत असावेत, असे संशोधकांनी २००६ साली मांडले.

जानेवारीत मी पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांच्या काड्या कापल्या. खालचा काप डोळ्याच्या लगत, तिरपा घेतला. चीक धुतला, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि निघालो.

विरार मागे पडले की मुंबई खरी सुटते. वैतरणेचे पूल, सफाळे, केळवे रोड, पालघर. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. बोईसरला तारापूरच्या कारखान्यांतली माणसे उतरली आणि डबा मोकळा झाला. पुढचेच स्टेशन वाणगाव. हा मिरचीचा मुलूख. डहाणूकडे सरकावे तसतशा चिकूच्या वाड्या दाट होत जातात.

दाजी चिकूवाले. काड्या न्याहाळीत म्हणाले, "आमच्या चिकूचे कलम रायणीवर बांधतात. तो परक्या मुळावर उभा राहतो. तुमच्या अंजिराला मात्र स्वतःचेच मूळ काढावे लागणार."

निम्मी वाळू, निम्मी माती घालून भोके पाडलेल्या पिशव्यांत काड्या लावल्या. वर दोनच डोळे ठेवले. होळीच्या आधीच ताईचा फोन आला, "अरे, लागल्या! सहा काड्यांना पाने आली!"

मागून दाजींचा आवाज, "पान फुटले म्हणजे मूळ धरले असे नव्हे!"

त्यांचे खरे होते. काडीत साठलेल्या शिदोरीवर पान फुटते. मुळाला पुढे महिना-दोन महिने लागतात. ताई मात्र आनंदाने सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत राहिली. चार काड्या बुडाशी कुजल्या. दोन तर फुटल्याच नव्हत्या. उरल्या दोन.

आता ताईने हात आवरला. पिशव्या पडवीच्या सावलीत ठेवल्या. मातीत बोट घालायचे, पेरभर कोरडे लागले तरच पाणी. ओढून पाहायचे नाही. मे महिन्यात एका पिशवीच्या भोकातून पांढरे मूळ डोकावले, आठवड्याने दुसऱ्या. मग या किनाऱ्याचा धो-धो पाऊस आला. पानांवर तांबेरा पडला, दाजींनी ती खुडून टाकली. पण झाडे तगली.

तोवर सासवडचे झाड पडले होते. पुढच्या भाऊबीजेला मी पाटावर बसलो, तर शेजारी एक कुंडी ठेवलेली.

"ही तुझी," ताई म्हणाली. "आईचे झाड एकाच घरी असू नये."

"अगं, पण ओवाळणी मी द्यायची!"

"दिलीस की. मी फक्त पाणी घातले. तेही जास्तच!"

ती कुंडी आता माझ्या पुण्याच्या गच्चीत आहे. फळ अजून यायचे आहे. रोज झारी उचलावीशी वाटते. पण आधी मातीत बोट घालून पाहतो.