लाल मुंग्यांचा हिशेब मी चुकीचा मांडला

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा खाद्य कीटकांवरचा 2013 चा अहवाल वाचून मी भारावून गेलो होतो. तेवढीच प्रथिनं मिळवायला गुरांच्या मानाने रातकिड्यांना बाराव्या हिश्श्याइतकंच खाद्य लागतं, असं त्यात होतं. गडचिरोलीत भामरागडकडचे माडिया आदिवासी लाल मुंग्या पूर्वापार खातात. म्हणजे मांसाला पर्याय गडचिरोलीतच आहे, असं मी धरून चाललो. बचत गटाने मुंग्या वाळवून पाकिटांत विकायच्या, असा प्रस्तावही लिहून काढला.

पण तो आकडा शेडमध्ये पाळलेल्या रातकिड्यांचा. झाडावरच्या मुंग्यांना कोण खाऊ घालतं? त्या आपलं भक्ष्य स्वतः शोधतात. एकाचा हिशेब मी दुसऱ्याच्या नावावर मांडला होता.

तिकडच्या एका गावात एका आजींनी माझ्यासमोर पाट्यावर चटणी वाटली. मुंग्या, त्यांची पांढरी अंडी, मिरची, मीठ. अंडी म्हणतात खरं, पण त्यात बहुतेक अळ्या आणि कोषच असतात. वाटता वाटता आंबूस वास उठला. तो मुंग्यांच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा. भाताशेजारी त्यांनी बोटभर वाढली. मी प्रथिनांचं बोलू लागलो तेव्हा म्हणाल्या, "दादा, ही चटणी आहे, भाजी नाही." कोंबडी आणि मासे त्यांच्या जेवणात होतेच. मुंग्यांनी त्यांची जागा कधी घेतली नव्हती. हे मी प्रस्ताव लिहिण्याआधी विचारायला हवं होतं.

सर्वांत मोठी चूक मात्र आंब्याच्या झाडाखाली झाली. नमुन्यासाठी मी पोरांना झाडावरची सगळी घरटी उतरवायला सांगितली. या मुंग्या पानांच्या कडा जबड्यात धरून जवळ ओढतात आणि आपल्याच अळ्यांच्या रेशमाने शिवतात. एकच वसाहत अनेक घरट्यांत पसरलेली असते, अंडी घालणारी राणी मात्र त्यांतल्या एकाच घरट्यात. ती गेली की वसाहत संपत जाते. आजी भरलेलं एखादं घरटं काढतात आणि बाकीची सोडतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या आंब्यावर एकही घरटं दिसलं नाही. त्याचं कारण मीच, असं मी मानतो.

याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावच्या लोकांनी अभ्यासगटात बसून मधमाश्या न मारता मध काढायची रीत बसवली. मी मात्र आधी पाकिटाचा विचार केला.

प्रस्ताव मागे घेतला. ओडिशातल्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून इकडेही अशा कल्पना घेऊन येणारे भेटतात. त्यांना माझी विनंती आहे: कीटकांचं खाद्य बनवायचं असेल तर रातकिडे पाळा. जंगलातल्या घरट्यांबद्दल आधी ग्रामसभेला विचारा, आणि ती नको म्हणाली तर परत फिरा.