गीझरच्या पोटातला सोबती

न्हाणीघरात छताजवळ टांगलेल्या गीझरकडे सहसा कुणी मान वर करून बघत नाही. दुकानात मात्र त्याची पारख होते ती रंगावरून, घाटावरून आणि पुढच्या लुकलुकत्या आकड्यांवरून. त्याचा खरा स्वभाव आत आहे.

तसा तो सरळमार्गी. थंड पाणी तळाशी घेतो, तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, आणि नळ उघडला की खालून शिरणारं पाणी वरच्याला बाहेर ढकलतं. म्हणूनच गच्चीवरची टाकी आटली की पोटभर कढत पाणी असूनही तो तांब्याभर देऊ शकत नाही. भूकही ठरलेली. घरगुती गीझरची कॉइल बहुधा २००० वॉटची असते. २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला तिला साधारण १८ मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास आणि सुमारे एक युनिट. यात कुठलीच कंपनी फारशी काटकसर करू शकत नाही. काटकसर होते ती तापवलेलं पाणी गरम राखण्यात. टाकीभोवतीचा पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, थर जाड आणि सलग असेल तर ऊब आत राहते. स्टारचं लेबल नेमकं हेच मोजतं: पाणी खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राखायला २४ तासांत किती युनिटं खर्च होतात. दोघांच्या घराने २५ लिटरचा घेण्यापेक्षा १५ लिटरचा पाच स्टारचा घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

टिकण्याचं गणित मात्र वेगळ्याच एकाच्या हाती आहे. पुष्कळ गीझरांची टाकी साध्या पोलादाची असते, आतून काचेच्या जातीचा मुलामा भट्टीत भाजून चढवलेली. मुलाम्यात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच, आणि गरम पाणी ती शोधून काढतं. अशा वेळी पुढे होतो तो मॅग्नेशियमचा रॉड. लोखंडाच्या आधी झिजायला मॅग्नेशियम तयार असतं. दोघं एकाच पाण्यात, एकमेकांना जोडलेले असले की लोखंडाच्या वाट्याचं झिजणं ते स्वतःवर घेतं. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ च्या सुमारास ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला लोखंडाचे नि जस्ताचे तुकडे जोडले होते, तीच ही युक्ती. मला या रॉडबद्दल मनापासून आदर वाटतो. त्याला दिवा नाही, आवाज नाही, जाहिरातीत जागा नाही. गीझर दिवसभर बंद असला तरी हा पाण्यात उभा राहून झिजतच असतो.

पाणी क्षाराचं असेल तर तो लवकर संपतो. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरच्या पाण्यावर नांदणाऱ्या घरांना हे सांगायला नको. त्यांच्या बादलीवरचा पांढरा थर पुरेसा बोलतो. तोच थर कॉइलवर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉइल आतल्या आत जळते. ६० अंशांच्या वर हा थर भराभर धरतो, म्हणून थर्मोस्टॅट ५५ ते ६० वरच ठेवावा.

आणखी एक सोबती आहे, थंड पाण्याच्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. २५ लिटर पाणी तापताना पाव लिटरहून अधिक फुगतं. त्याला वाट हवी, म्हणून व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. काही घरांत ते गळणं समजून तोंडाला बूच मारतात. असं कधीही करू नये. कोंडलेल्या दाबाने टाकी फुटू शकते. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी टाकी ८ बारचा दाब सोसणारी आहे ना, हेही पाहून घ्यावं. प्लगसाठी १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग, यात तडजोड नाही.

रॉड पुरता झिजला की हाती उरते नुसती मधली पोलादी तार, आणि मग पाळी टाकीची. वर्षातून एकदा, क्षाराचं पाणी असेल तर त्याआधीच, मेकॅनिककडून तो उघडून बघावा. विकत घेतानाच दुकानदाराला विचारावं: या मॉडेलचा रॉड सुटा मिळतो का, आणि तो बदलायला गीझर भिंतीवरून उतरवावा लागतो का? टाकीची वॉरंटी किती वर्षांची, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.